गुढीचा ओला पाला

ओंडक्यातून काढलेली पितळी गोळी मी तळहातावर घेतली, तो दिवस काही केल्या विसरता येत नाही.

आधीच सांगतो, मी शिकलेला माणूस नाही. वडील सिंगापूरच्या गोदीत फिटर होते. सहावीनंतर मला शाळा झेपली नाही. पोलिसात शिपाई म्हणून लागलो आणि घासत घासत इन्स्पेक्टर होऊन बाहेर पडलो. मराठी लिहायला आईने शिकवलं, लग्नानंतर बायकोने सुधारलं. ती असती तर हा कागदही तिनेच तपासून दिला असता. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हा चुका दिसतील त्या माझ्या. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही.

साल त्र्याण्णव, एप्रिलचा पहिला आठवडा. मी बंदर पोलिसांत होतो. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी वाचायची, मग बोटीने फेरी. खलाशांची मारामारी, चोरटी दारू, हरवलेला पासपोर्ट, असलंच काम. त्या सकाळी काउंटरवर एक म्हातारा चिनी आला. लाकूड कापायच्या गिरणीत फोरमन होता. गालावर पट्टी, हातात रुमालाची पुरचुंडी. शिपायाने फॉर्म पुढे केला, तो त्याने बाजूला सारला आणि पुरचुंडी माझ्यासमोर सोडली. आत गोळी होती. करवतीने नाक चेपलेली.

"कुणी कुणाला मारली?" मी विचारलं.

"झाडाला मारली, लाह!" इथल्या चिन्यांच्या बोलण्याला 'लाह'चं शेपूट असतंच. "माझी करवत तुटली, पातं गालाला चाटून गेलं. मालक म्हणतो, गप्प बस, महायुद्धातली, जपान्यांच्या वेळची गोळी आहे. चाळीस वर्षं लाकूड कापतोय मी, इन्स्पेक्टर. मला जपान्यांच्या गोष्टी सांगतो!"

मी त्याच्याबरोबर गिरणीत गेलो. डॉक्टर पेशंट दाखवतो तसा त्याने मला ओंडका दाखवला. गोळी जुनी असली तर झाड तिच्याभोवती भरून येतं, आत लाकूड काळं पडतं. इथे भोक उघडंच होतं, चीकही नीट सुकला नव्हता. "दोन वर्षंसुद्धा नाहीत," तो म्हणाला. मग त्याने ओंडक्याचं तोंड दाखवलं. जंगलात ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने छाप मारतात. छापेवरून लाकूड कुठलं ते कळतं. या मालाची सगळी तोंडं नव्याने कापलेली होती. पांढरीफटक. ज्याने कापली त्याला छाप घालवायची होती, एवढं कळायला शाळा लागत नाही.

नवी गोळी म्हणजे चालू लढाई. आणि आमच्या आसपास लढाई चालू होती ती कंबोडियात. किती वर्षं तिथले लोक आपसात मरत होते. शेवटी सगळ्या देशांची जी मोठी पंचायत आहे तिने करार घडवून आणला आणि तो पाळला जावा म्हणून निळ्या टोप्यांचे सैनिक पाठवले. मेमध्ये तिथे निवडणूक व्हायची होती. पण एक गट करार मोडून जंगलात बसला होता, आणि लाकूड विकून लढाई चालवत होता. म्हणून ठरलं, त्या देशातले ओंडके कुणी बाहेर न्यायचे नाहीत आणि त्या गटाच्या मुलखात डिझेल पोचू द्यायचं नाही.

टीव्हीवर बातम्या बघताना मला नेहमी कोडं पडायचं. ठराव होतो तिकडे अमेरिकेत, टाय बांधलेली माणसं हात वर करतात. मग तो पाळायला लावतो कोण? त्या दिवशी गिरणीत भुशात उभं राहून कळलं. तो फोरमन आणि मी.

माल ज्या छोट्या जहाजातून आला ते अजून बंदरातच होतं. अर्धे ओंडके पोटातच होते. कागद मागवले. कागदांवर दुसऱ्याच देशाचं बंदर होतं. तिथे माल भरला, तिथून निघालो, आठ दिवस वाटेत कुठेही न थांबता सिंगापूर. शिक्के चोख. माझे चिनी साहेब म्हणाले, "गोळी काय, शिकाऱ्याचीही असेल. परवा सकाळी जहाज सुटणार. अडवायचं तर लाकूड कुठलं ते सिद्ध करून दे."

कप्तान आणि चीफ इंजिनीअर माल उतरवायला लागल्याबरोबर विमानाने पसार झाले होते; जहाज न्यायला कंपनीने दुसरे मागवले होते. मागे सापडला सेकंड इंजिनीअर. इंजिनरूमच्या वहीत पानापानावर त्याचीच सही. आणि निघाला कोण? देवगडकडचा मराठी मुलगा, बत्तीस-तेहेतीसचा. साहेब म्हणाले, "तुझ्या भाषेचा आहे. तूच बस."

त्याची अवस्था समजून घ्या. पुढच्या महिन्यात चीफ इंजिनीअरच्या परीक्षेला बसणार होता. गप्प राहिला आणि जहाज सुटलं तर परीक्षा, बढती, सगळं ठरल्याप्रमाणे. आम्ही दुसरीकडून सिद्ध केलं तर खोट्या नोंदींसाठी तुरुंगात जाणार तोच, कारण सही त्याची. आणि बोलला तर साक्षीदार म्हणून सुटेल, पण या धंद्यात कुठली कंपनी त्याला पुन्हा जहाजावर घेणार?

पहिल्या दिवशी त्याने मला दाद दिली नाही. मी चहा पाजला, गावाकडची चौकशी केली. तो मोकळा बोलायचा, फक्त प्रवासाची गोष्ट निघाली की पाढे म्हटल्यासारखं सुरू.

"काय रे, आठ दिवसांत एकदाही इंजिन बंद पडलं नाही?"

"नाही साहेब."

"एवढं जुनं जहाज, आणि एकदाही नाही?"

"मी आहे ना साहेब इंजिनावर," म्हणाला आणि हसला. हुशार होता.

दुपारी जहाजावर गेलो. इंजिनरूम धुऊन पुसून ठेवलेली. कागद जाळलेलं पिंप सापडलं, राख थंड. एकटा स्वयंपाकी तेवढा कुरकुरत होता. महिनाभर फ्रीज बंद, सुकी मासळी खाऊन खाऊन तोंडाला खारट चव बसली म्हणे. मी डायरीत लिहिलं. डायरीत मी सगळंच लिहायचो. काय उपयोगी पडेल ते लिहिताना कळत नाही.

संध्याकाळी बेडोक भागात त्याच्या घरी जायचं ठरवलं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको एकटी होती. बाईमाणूस एकटी असली की मी माझ्या बायकोला बरोबर न्यायचो. नियमात हे बसत नसेल, पण पोलिसाला बघून दार लावून घेणारी बाई दुसऱ्या बाईला पाणी तरी विचारते. शिवाय दोघींची मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात ओळख होती.

मी सांगितलं, नवऱ्याला चौकशीसाठी थांबवलंय, घाबरू नकोस. ती घाबरली होतीच. पण हिने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग चहा झाला, मग पोहे झाले. बायकांचं बोलणं कुठून कुठे जातं. पाडव्याचा विषय निघाला.

"यांनी जहाजावर गुढी उभारली, काकू," ती म्हणाली. "मी बॅगेत साडी आणि गाठी घालून दिल्या होत्या. आल्या आल्या विचारलं, उभारलीत का? तर म्हणाले, फोटो काढलाय. काल धुऊन आणला दुकानातून."

फोटो बघितला. डेकवर लोखंडी नळीला हिरवी साडी, वर पितळी पेला पालथा, गाठी, कडुलिंबाचा डहाळा. बाजूला हा पठ्ठ्या कपाळाला गंध लावून उभा. मागे नुसतं आभाळ. मी बघितला आणि परत दिला. मला त्यात काही दिसलं नाही. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण खरं आहे.

परतीच्या बसमध्ये ही म्हणाली, "अहो, कडुलिंब किती ताजा होता हो! मोहोरासकट. आपल्याला इथे मिळेना म्हणून मी सेरंगूनच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या, तरी सुकलेलाच मिळाला. भर समुद्रात यांना कुठून मिळाला असेल?"

मी सीटवर सरळ बसलो. पाडवा कोणत्या तारखेला होता ते हिला विचारलं. हिला तोंडपाठ. कागदांप्रमाणे त्या दिवशी जहाज निघून पाचवा दिवस होता. पाचव्या दिवशी, त्या उकाड्यात, मोहोरासकट ओला पाला?

सकाळी उजाडल्यावर मी एकटाच बेडोकला गेलो. फोटो हवाय म्हणालो. ती हसून म्हणाली, "नीट आणा हं काका. एकच प्रत आहे."

तासाभराने तो फोटो मी तिच्या नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला. तो ओळखीचं माणूस भेटावं तसा आधी खुलला.

"छान उभारलीस," मी म्हटलं. "कोकणचा माणूस जातो तिथे सण नेतो. पाला कुठला?"

"बंदरातून निघताना घेतला होता, साहेब."

"पाच दिवस टिकला?"

"फ्रीजमध्ये ठेवला होता."

मी डायरी उघडली आणि स्वयंपाक्याचा जबाब वाचून दाखवला. महिनाभर फ्रीज बंद. तो फोटोकडे बघत राहिला. मी डायरी मिटून ठेवली. चौकशीत पोलीस गप्प बसला की समोरच्याला ते सहन होत नाही, हे माझं नेहमीचं हत्यार. पण त्या दिवशी मला खरंच उत्सुकता होती. सगळे कागद जाळले, नोंदी बदलल्या, सहकारी पळाले. हा एवढा फोटो याने का जपला?

तेच विचारलं. "अरे, हा का नाही जाळलास?"

"गुढी कशी जाळणार, काका?" तो म्हणाला. त्या वेळी पहिल्यांदा साहेबाचा काका झालो. "आणि घरी गेल्यावर ती विचारणार होतीच. तिच्याशी खोटं बोललो नाही मी. बाकी सगळ्यांशी बोललो."

मग तो बोलत गेला आणि मी लिहीत गेलो. जहाज त्या बंदरात कागदांपुरतं थांबलं होतं. तिथून डिझेलची पिंपं घेऊन कंबोडियाच्या किनाऱ्याला एका खाडीत गेलं. पिंपं उतरवली, ओंडके भरले. बंदुकवाले उभे असायचे. पाडव्याच्या सकाळी काठावर एक बाई टोपलीत कडुलिंबाचे कोवळे डहाळे घेऊन बसली होती. तिथे म्हणे त्याची भाजी करून खातात. "मला एवढा आनंद झाला काका, की मी नाचलोच. तिला वाटलं हा वेडा आहे. बिस्किटांचा पुडा दिला, तिने अख्खी जुडी दिली."

"आणि निळ्या टोपीवाले? त्यांनी बघितलं नाही?"

त्याने फोटो उलटा करून ठेवला. "निघताना त्यांची बोट आडवी आली. कप्तानाने कागद दाखवले. त्यांच्यात एक आपल्याकडचा होता. गुढी बघून हिंदीत विचारलं, कहाँ के हो भाई? मी म्हटलं, महाराष्ट्र. तो म्हणाला, संभल के जाना, इधर गोली चलती है. त्या गोळ्या चालवणाऱ्यांना आम्हीच डिझेल देऊन आलो होतो, काका. आणि हा मला म्हणतो सांभाळून जा."

जबाबावर सही करताना त्याने विचारलं, "आता समुद्र संपला ना माझा?"

मी म्हटलं, "बहुतेक." खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या सकाळी जहाज सुटलं नाही. माल जप्त झाला, गिरणीच्या मालकावर खोट्या कागदांची केस उभी राहिली आणि त्याला शिक्षा झाली. कप्तान आमच्या हाती लागला नाही. मुलगा साक्षीदार म्हणून सुटला. परीक्षेला बसलाच नाही. कंपन्या एकमेकांना फोन करतात. दोन महिन्यांत नवराबायको बेडोकचा फ्लॅट सोडून गावी गेले. नंतर ऐकलं की बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.

जाताना ती हिला भेटायला आली नाही. फोटो कोर्टाच्या फायलीत गेला होता. परत द्यायचा राहिला.

ही चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी जेवताना मीच म्हटलं, "अगं, तिकडे माणसं मरत होती. जहाज सोडलं असतं तर पुन्हा डिझेल घेऊन गेलं असतं."

"ते कळतं मला. अडवलंत ते बरोबरच केलंत."

"मग?"

तिने ताटातला भात चिवडला. म्हणाली, "पाल्याचं मी नवऱ्याला सांगितलं होतं, पोलिसाला नाही. मला विचारून न्यायचं होतंत. मी नाही म्हटलं नसतं. पण ती माझ्यावर भरवसा टाकून बोलली होती, तुमच्या वर्दीवर नाही."

मी उठलो आणि माझं ताट मीच घासलं.

एवढी वर्षं पोलिसात काढून माणसांबद्दल मला जे कळलं ते थोडंच आहे. माणूस कागद सांभाळतो, तोंड सांभाळतो, पण जे त्याला मनापासून आवडतं तिथे तो बेसावध असतो, आणि पोलीस तिथेच हात घालतो. घालावाच लागतो. पण हात घालताना तो कुणाच्या घरातून जातो हे बघावं, एवढं त्या केसने शिकवलं.

पुढे माझी सात वर्षं नोकरी उरली होती. घरात कानावर पडलेली गोष्ट कामाला लावायच्या आधी मी हिला विचारायचो. बहुतेक वेळा ती हो म्हणायची. दोनदा नाही म्हणाली. त्या दोन्ही केसेस माझ्या हातून निसटल्या आणि साहेबांच्या शिव्या मी खाल्ल्या. याला कुणी कर्तव्यात कसूर म्हणेल. म्हणू दे.