एका बेलाला दोन सवाल

हंडा बोटानं वाजवला की रेणापूरच्या बसलिंगप्पांना कळायचं, कुठं चीर हाय. चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान केलेलं. त्यामुळं प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी लातूरच्या डॉक्टरांनी गाठीचा रिपोर्ट कॉम्प्युटरात भरून सांगितलं, की असा कॅन्सर शंभरातल्या पंधरा जणांना दोन वर्षांत परत येतो, तेव्हा अप्पांनी सरळ विचारलं, "ते पंधरा कोण?"

"तसं नाव घेऊन सांगता येत नाही, अप्पा. आज रक्त द्या. आता त्यातला पीएसए, म्हणजे या कॅन्सरची खूण दाखवणारा आकडा, शून्याजवळ पाहिजे. रिपोर्ट सोमवारी मिळेल."

"मग ह्ये मशीन काय कामाचं?"

घरी येईस्तोवर अप्पा त्या पंधरांत जाऊन बसले होते. जेवताना त्यांनी जाहीर केलं, "अंजूचं लग्न याच महिन्यात उरकायचं. मी हाय तोवर."

अंजू ही धाकटी लेक. सोयरीक उदगीरला जुळलेली, पण बीएस्सीची शेवटची परीक्षा दीड महिन्यावर. तिनं घास हातात धरून आईकडं बघितलं.

"अवो, पोरीची परीक्षा तर होऊ द्या," उमादेवी म्हणाली.

"परीक्षा पुढच्या साली बी देता येती. बाप न्हाई मिळत."

आपलं माणूस डॉक्टरचं ऐकत नसलं तरी महादेवाचं ऐकतं, हे उमादेवीला ठाऊक होतं. तिनं कौल लावायचं ठरवलं.

सोमवारी सकाळी महादेवाच्या देवळात पुजारी स्वामींनी पिंडीच्या दोन्ही अंगांना ओला बेल चिकटवला. उजवा पडला तर होकार. अप्पा आणि उमादेवी डोळे मिटून, हात जोडून, मनात सवाल धरून बसली. बऱ्याच वेळानं उजवा बेल पडला.

"पावला गं बाई!" उमादेवीच्या डोळ्यांना पाणी आलं.

"चला," अप्पा भिंतीला धरून उठले. "मांडववाल्याला सांगून येतो."

"मांडव कशाला? तुमची दोन वर्षं सुखाची जातील का, असं इचारलं मी. देव हो म्हणला की!"

"मी इचारलं, दुखणं परत येणार का. मला बी हो म्हणला."

स्वामींनी कपाळाला हात लावला. "एका बेलाला दोन सवाल? आधी घरून ठरवून यायचं की वो!"

"परत लावा मग."

"एका दिवसात एकदाच. देव काय तुमच्या दुकानातला गडी हाय व्हय?"

वाटेनं उमादेवी मनातल्या मनात शिवनाम घेत होती, अप्पा मांडववाल्याचा नंबर लावत होते. याच महिन्यात मांडव घालायचा, असं त्यांनी त्याला सांगूनही टाकलं.

दुपारी अंजूच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. ०.०२. अप्पांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"छान आहे अप्पा. शून्यच समजा."

"म्हणजे मी पंच्याऐंशीत?"

"आजच्या तारखेला तरी. तीन महिन्यांनी परत रक्त द्यायला या."

"तवा?"

"तेव्हाचं तेव्हा सांगू."

अप्पांनी बोटांवर महिने मोजले. उमादेवी नुसतं त्यांच्याकडं बघत राहिली. मग अप्पांनी मांडववाल्याला फोन लावला आणि घर दणाणेल असं ओरडले, "एवढी घाई कशाला करायलास रे? पोरीची परीक्षा हाय!"