मी ‘नाही’ असेच उत्तर दिले होते

पोळ्याचा दुसरा दिवस: जबाबदार, आमच्या हिंदीभाषी शहराच्या गोल बाजारातील संगणक-दुकानदार, ज्याने दुरुस्तीस दिलेल्या माझ्या संगणकात मला न विचारता ‘सफाई’चा एक फुकट प्रोग्राम घातला. धम्मचक्र प्रवर्तन दिन: जबाबदार, पुन्हा तोच. दिवाळीपूर्वीचा आठवडा: जबाबदार, त्या प्रोग्रामचा कर्ता, ज्याचे नाव आजवर कोणालाही ठाऊक नाही. हरकतींची मुदत संपली तो दिवस: जबाबदार, वरील दोघे, आणि माझे म्हणणे न वाचताच बाजूला सारणारे एक कार्यालय.

माझे काय गेले, ते आधी सांगतो. उरला या कारखान्यांच्या भागाकडून आमच्या वस्तीवर काळी धूळ उतरते. पत्नी गच्चीवर वाळवण घालते ते ओढणीखाली, आणि संध्याकाळी ओढणी झटकली की अंगणात काजळी पडते. तिथल्या एका कारखान्याला विस्तार हवा होता. नागरिकांच्या हरकती यंदा केवळ ईमेलने मागवल्या होत्या. वस्तीच्या वतीने हरकत लिहिण्याचे काम सर्वांनी माझ्यावर सोपवले. आयुष्यभर सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत मसुदे केले. माझे पत्र वाचल्याशिवाय बाजूला ठेवण्याची कोणाची छाती नव्हती.

पोळ्यानंतर संगणक सुरू केला की पडदा काळवंडे आणि मधोमध एक चौकट उभी राही. हा प्रोग्राम तुमच्या संगणकात बदल करू इच्छितो. परवानगी द्यायची काय? खाली लिहिलेले असे, प्रकाशक: अज्ञात. ज्या अर्जावर अर्जदाराचे नाव नाही, तो आमच्या शाखेत दप्तरी दाखल होत असे. त्यावर कार्यवाही होत नसे. मी ‘नाही’ दाबले. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज, पुन्हा निनावी. पुन्हा ‘नाही’. मात्र आमच्या शाखेचा दुसरा नियम असा, की आलेल्या प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर जायला हवे. म्हणून मी दुकानदारास पत्र लिहिले, मग स्मरणपत्र, मग अंतिम सूचना. शिवाय रोज फोन.

पत्नी स्वयंपाकघरातून ओरडे, “काहून त्या डब्ब्याशी भांडून राहिले जी? तो काय कोर्टात येणार हाय?”

“येईल,” मी म्हणे. “त्याला आणणारा येईल.”

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी मी नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. परतल्यावर संगणक लावला. चौकट नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या अंतिम सूचनेची मुदत नेमकी तेव्हाच संपत होती. मला वाटले, सूचनेने काम केले. मी पेढे आणले, वस्तीत घरोघर वाटले आणि प्रत्येकास सांगितले, की लेखी कळवल्यावाचून या देशात काही हलत नाही. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात हरकत लिहून पाठवली. एकही शब्द जास्तीचा नव्हता त्यात.

मुदत संपल्यावर पोच का आली नाही हे विचारण्यास कार्यालयात गेलो. टेबलामागच्या बाईंनी माझे नाव ऐकताच मान वर केली.

“अच्छा, आप हैं! बाबूजी, आपके यहाँ से तो रोज़ इनाम जीतने की चिट्ठी आ रही थी. हमने आपका ईमेल ही रुकवा दिया.”

शेजारचा कारकून म्हणाला, “मैंने तो दीदी, एक पर क्लिक भी कर दिया था.” आणि दोघेही हसले.

माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावरून, ज्या ज्या कार्यालयास मी कधी लिहिले होते त्या प्रत्येकास अशी पत्रे गेली होती! हरकत दाखवली, तर उत्तर मिळाले, की मुदत गेली. वस्तीची हरकत नोंदीवर नाही, म्हणजे वस्तीची हरकतच नाही.

घरी येऊन पत्नीस सांगितले, तेव्हा ती खाटेवर बसली.

“तुमी नागपूरले गेले तवा तो दुकानवाला आला होता. म्हणे, ‘आंटीजी, अब अंकलजी को रोज़ तकलीफ नहीं होगी.’ काहीतरी दाबलं, चहा पिला अन् गेला. मले वाटलं, चांगल्यासाठीच करून रायला.”

“मग मला सांगितले का नाही?”

“तुमी पेढे वाटून राहिले होते जी. इतके खूश, मी कशी सांगू?”

तिच्यावर माझा आरोप नाही. या यादीत तिचे नाव नव्हते आणि येणार नाही.

मी गोल बाजारात गेलो. दुकानदार आमच्याच वस्तीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. मराठी सारे समजते, उत्तर हिंदीतच.

“अंकलजी, आप ही तो रोज़ फोन करते थे कि ये पूछता बहुत है. मैंने पूछना बंद कर दिया.”

“चोर दारावर थाप मारतो, ही माझी तक्रार होती. तू चोराला हाकलले नाहीस, कडी काढून ठेवलीस. तो आत शिरून माझ्या नावाने पत्रे पाठवत राहिला.”

“पर थाप तो बंद हुई न?”

गिऱ्हाइकांत हशा पिकला. तो हशा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी त्याच्या दुकानासमोरच्या भांडीवाल्याकडे, त्याच्या परवानगीने, स्टूल टाकून बसतो. संगणक घेऊन येणाऱ्या प्रत्येकास नम्रपणे सांगतो, की परत नेताना विचारणारी चौकट चालू आहे काय, हे पाहून घ्या. आणि का, तेही सांगतो. खोटे एक अक्षर बोललो नाही. त्याची गरजच पडली नाही. गिऱ्हाइके वळतात. दुकानदार आतून पाहतो. परवा त्याने चहा पाठवला. मी परत केला. त्याचे वडील मध्यस्थीस आले, म्हणाले, “पोट्टा चुकला, जाऊ दे आता.” मी म्हणालो, “गच्चीवरची धूळ जाऊ दे म्हटल्याने जाते काय?”

घरातल्या घरात मागितलेली माफी मला नको. त्याने विहाराच्या अंगणात, ज्या वस्तीची हरकत बुडाली तिच्यासमोर उभे राहावे आणि त्या कार्यालयालाही लेखी द्यावे. प्रश्न एकच आहे, आणि उत्तर मराठीत द्यावे: मी रोज ‘नाही’ म्हणत असताना, माझ्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा अधिकार तुला कोणी दिला?