काका कप्तानाला वाचवतात

माझी काकू इस्त्रीचं दुकान चालवते. तिचे दोन्ही हात कामात, म्हणून पुस्तक वाचून दाखवायचं काम काकांचं. काका निवृत्त पोस्टमन. आवाज खणखणीत, पण काळीज एकदम मऊ. आणि काकूला आवडतात अंतराळातल्या गोष्टी, त्याही जितक्या भयंकर तितक्या उत्तम! मी पुतणी, शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालते.

सध्याची कादंबरी तर भन्नाटच होती. यानात शेकडो माणसं पेट्यांमध्ये गोठून झोपलेली, हवा कमी पडतेय आणि कप्तान गुपचूप एकेक पेटी बंद करतोय. वर जाग्या असलेल्यांना सांगतो, यंत्र बिघडलं! काकू इतकी रंगून गेली होती की गिऱ्हाईक आलं तरी म्हणायची, "थांबा हो जरा, इथे माणूस मरतोय." गिऱ्हाईकही मग स्टुलावर टेकायचं.

"नालायक आहे मेला," ती खुशीत म्हणायची, "पण सोडवत नाही त्याला."

इकडे काकांचंही एक गुपित चालू होतं, आणि त्यावरून माझं डोकं फिरलं होतं. काकूचा उजवा खांदा धरला होता. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, ऑपरेशन करा आणि इस्त्री थांबवा, नाहीतर हात कायमचा जाईल. काकांनी तिला सांगितलं, "थोडा लचकलाय, शेक घे." मी सांगते म्हटलं, तर मला स्वतःची शपथ घातली. "तिचा जीव आहे गं या दुकानात," म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. अशा माणसावर चिडावं तरी कसं? मी तरीही चिडायचे.

काल दुपारी कप्तानाच्या सख्ख्या भावाच्या पेटीची पाळी आली. काकूनं इस्त्री उभी करून ठेवली. काका चाचरले आणि मग भरभर वाचत सुटले, "कप्तानाचा हात बटणाकडे गेला. त्यानं बटण सोडून दिलं. भाऊ वाचला."

"हां, मग?"

"मग... त्या दिवसापासून कप्तानाला झोप लागली नाही. डोळे मिटले की भाऊ दिसायचा."

"भाऊ वाचला ना? मग याला झोप का लागत नाही?"

काकूनं पुस्तक ओढून घेतलं आणि ओठ हलवत वाचलं.

"अगंबाई! मारलंय की यानं! सख्ख्या भावाला!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. "आणि तुम्ही हे गाळत होतात?"

"तुला त्रास होईल म्हणून गं."

"त्रास कसला? अहो, सकाळपासून याचीच तर वाट बघतेय मी!"

मला हसू आवरेना. काकूही हसत होती. हसता हसता थांबली आणि काकांकडे बघत राहिली. त्यांनी मान वर केलीच नाही.

"डॉक्टर जे बोलले," तिनं विचारलं, "तेही असंच सांगितलंत का हो मला?"

काकूनं इस्त्रीचं बटण बंद केलं, गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"सांगा," ती म्हणाली. "आणि आता काही गाळायचं नाही."