अण्णांनी न पाहिलेलं गाव

आधीच सांगते... भुताखेतांचं, अंगात येण्याचं मला भारी वावडं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. दारात लिंबू-मिरची टांगलेली दिसली की सासूबाईंच्या डोळ्यांदेखत काढून फेकायची मी! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण लिहिते, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती साधीसुधी नाही.

माझं माहेर वडवणीपासून आत, डोंगराच्या उतारावर. वडील — आम्ही अण्णा म्हणतो — गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. माणूस असा कडक की सख्ख्या भावाच्या किटलीत लॅक्टोमीटर बुडवला आणि दूध परत पाठवलं. वर म्हणाले, "प्यायला पानी न्हाई गावात, दुधात घालायला बरं घावतं रे तुला!" चुलते वर्षभर बोलत नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी निवडक सेक्रेटऱ्यांना बल्गेरियाला न्यायचं ठरलं. तिथल्या सहकारी संस्था कशा चालतात, दही कसं लावतात, हे बघायला. यादीत अण्णांचं नाव! गावानं हलगी लावून वेशीपर्यंत मिरवत नेलं. वडवणीच्या रहीमचाचांनी कोट शिवून दिला, तोही भर मे महिन्यात. तीन आठवड्यांनी अण्णा परतले ते निम्मे होऊन. कोट अंगावर लोंबत होता.

संध्याकाळी अख्खा गाव पारावर. अण्णांनी कारखान्यांचं काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते एका डोंगरातल्या लहान गावाचं. (नाव देत नाही. लोक गूगल करून मलाच शिकवायला येतात.) खाली दगडाची, वर लाकडाची घरं. पाठ वर काढलेला दगडी पूल. चौकात घड्याळाचा मनोरा. तुर्कांच्या राज्यात देऊळ उंच बांधायला मनाई, म्हणून लोकांनी जमीनच खोल खणली आणि तीन पायऱ्या उतरून आत जायचं केलं. एका घरात दोन खोल्यांच्या छतावर लाकडात कोरलेले दोन सूर्य, उस्ताद आणि शागिर्द यांची पैज लागली होती म्हणून. "उस्तादाचा सूर्य लई सुबक," अण्णा सांगायचे, "पर शागिर्दाचा हसतो."

आणि मनोऱ्याखाली दगडी पाणवठा, त्याला चार तोट्या. तीन रात्रंदिवस वाहतात, बंद करायला चावीच नाही. चौथी कोरडी. तिच्याखाली लाल फुलांची कुंडी ठेवलेली, जणू तोटीची समाधीच.

पुढची दहाएक वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात हेच. टँकरची वाट बघत बायका हंडे नंबराला लावायच्या आणि अण्णांना धरून बसवायच्या. "अण्णा, ते डोंगरातलं गाव सांगा की." वाहत्या तोट्यांपाशी आले की सगळ्या पुढं सरकायच्या. मग कुणीतरी हमखास विचारायची, "तीन वाहत्यात, मग एकच कोरडी कावून?" अण्णा म्हणायचे, "ते मला बी कळलं न्हाई. पर कोरडी हाय." मीही हंड्यापाशी बसून ऐकायची. खरं सांगते, भूगोल मला तिथंच आवडायला लागला.

मग माझा साखरपुडा. नवऱ्या मुलाचे मामा घाटनांदूरचे, तिथल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. जेवणं चालू होती. आमच्या चुलत्यांनी मोठ्या फुशारकीनं सांगितलं, आमचे अण्णा बल्गेरियाला जाऊन आलेत, तिथलं डोंगरातलं गाव बघून. मामा घास तोंडात ठेवूनच हसले.

"शेळके सेक्रेटरी? अवो, तुमी कुठं आलतात? तुमचं नाव तर मुंबईतच कटलं! जागा कमी पडली म्हणून. अन् डोंगर कुठला? आमाला तर सपाटीवरचे दुधाचे कारखाने दावले निसते. मी सोता गेलतो."

माणूस वाईट नव्हता, आपण काय बोलून गेलो हे त्याला नंतर कळलं. अण्णा हातातली वरणाची बादली घेऊन पुढच्या पानावर गेले.

लग्न मोडलं नाही. पण मी एकवीस वर्षांची, नाकावर राग. पाहुणे गेल्यावर चुलीपाशी अण्णांना गाठलं. म्हटलं, "लोकांच्या दुधातलं पाणी काढता, अण्णा... तुमच्या बोलण्यात तर नुसतं पाणीच निघालं! पुन्हा त्या गावाचं नाव काढलंत तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही."

"मी पाह्यलंय, माय," एवढंच ते म्हणाले. मी पाठ फिरवली. मग म्हणाले, "बरं."

आणि शब्द पाळला त्यांनी. पुढच्या उन्हाळ्यात बायकांनी धरलं तर म्हणाले, इसरलो. टँकर येत राहिले, गाव मात्र कुणी सांगितलं नाही. सदतीस वर्षं उलटली. मी माहेरी जायची, अण्णा विचारपूस करायचे, सगळं ठीक होतं. ठीक म्हणजे काय, तेवढा एक कोपरा सोडून आम्ही दोघं बोलायचो.

आता मुख्य गोष्ट. माझा मुलगा नोकरीसाठी सोफियाला असतो. निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे गेलो. मी त्याला आजोबांचं काही सांगितलेलं नव्हतं, सांगण्यासारखं होतं काय! एका रविवारी तो म्हणाला, चला, डोंगरात एक छान गाव आहे. अडीच-तीन तास गाडीत.

पूल दिसला तेव्हा मला काही वाटलं नाही. असे पूल डोंगरात असणारच. देवळात उतरताना मात्र पायऱ्या मोजल्या. तीन. दोन सूर्यांच्या घरात तिकीट देणारी म्हातारी उस्ताद-शागिर्दाची पैज सांगायला लागली, मुलगा मराठीत करून सांगत होता, आणि तो तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य मला माहीत असायचं. शागिर्दाचा सूर्य खरंच हसतो हो.

तरीही मनाला समजावलं. मुंबईत अडकले तेव्हा एखादं चित्रांचं पुस्तक हाती लागलं असेल. दौऱ्याच्या लोकांना वाटतात तसलं. पटण्यासारखं आहे ना? मलाही पटलं. चौकात येईपर्यंत पटलं.

मनोऱ्याखाली पाणवठा. तीन तोट्या वाहत होत्या. चौथी कोरडी. खाली लाल फुलांची कुंडी.

मी मुलाला घेऊन तरातरा परत त्या म्हातारीकडे गेले. चौथी कोरडी का, विचार तिला. ती म्हणाली, पूर्वी चारही वाहायच्या. वर रस्त्यासाठी सुरुंग लावले, तेव्हा एकीचं पाणी गेलं. कधी? तर तिची धाकटी पहिलीत होती तेव्हा, आणि धाकटी आता सदतीस-अडतीसची. कुंडी? "ती मीच ठेवते," म्हणाली, "बरं नाही दिसत रिकामं." भिंतीवरचा जुना फोटोही दाखवला. चारही तोट्या धो धो.

हिशेब करा तुम्हीच. पाणी गेलं ते माझ्या लग्नानंतर सहा-सात वर्षांनी. अण्णा सांगत होते ते मी शाळेत असताना. ते कुठल्या पुस्तकात असणार? आमचे हे म्हणाले, योगायोग. मी म्हटलं, कुंडीसकट?

पाणवठ्याच्या पायरीवर बसून रडले मी. परक्या देशात, भर दुपारी, लोक बघत असताना. मग भावजयीला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, अण्णांना दे. आणि काही न बोलता फोन तोट्यांकडे फिरवला.

शहाऐंशीचे अण्णा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिले. मग सहज म्हणाले, "कुंडी बदलली वाटतं."

"अण्णा, तुम्ही तर इथं आलाच नव्हतात. मग कसं पाहिलंत?"

"नाव कटल्यावर मुंबईत पाव्हण्याकडं पडून होतो. हलगी लावून धाडलं गावानं, तोंड कसं दावू? ताप भरला. त्या तापात रोज तिथं जाऊन बसायचो. खोटं न्हाई बोललो, माय. इमानात बसलो न्हवतो, तेवढं सांगायचं राह्यलं."

"माझं चुकलं, अण्णा."

पलीकडून टँकरचा हॉर्न ऐकू येत होता. मग हळूच म्हणाले, "मंग... आता सांगू का लोकांला? म्हाताऱ्या इचारत्यात अजून."

सांगा, म्हटलं.

परत आल्यावर मामेसासऱ्यांना खोदून खोदून विचारलं. दौऱ्यात डोंगर नव्हताच, ते आजही शपथेवर सांगतात. तापात माणसाला कधीही न पाहिलेलं गाव कसं दिसतं, आणि तेही अजून घडायचं असलेलं... कुणाला कळत असेल तर सांगावं. मला एवढंच कळलं, की त्या पंगतीत त्या दिवशी खोटं कुणीच बोललं नव्हतं. शिक्षा मात्र अण्णांना झाली, सदतीस वर्षांची, आणि ती मी दिली.