पाहुण्यांची अट
मेतकुटाचा वास आला की मल्लेश्वरममधलं आमचं भाड्याचं घर आठवतं. पुण्याहून पहिल्यांदाच आलेली आई स्वयंपाकघरात डाळी भाजत होती. "करारात पाहुण्यांना आठवडाभरच ठेवायची अट आहे," मी सहज बोलून गेले. तिच्या हातातलं उलथनं थांबलं. "माझ्यामुळे तुमचं घर जायला नको," म्हणत, माझं काहीएक न ऐकता, ती दुसऱ्याच दिवशी बसने परतली. संध्याकाळी घरमालकीण अक्का तिच्यासाठी गजरा घेऊन आल्या. कारण ऐकून हळहळल्या. "अगं, मित्रमंडळींनी तळ ठोकू नये म्हणून ती अट. आई कुठे पाहुणी असते?" मी लगेच फोन केला. "असू दे, पुढच्या वर्षी येते," आई म्हणाली. आज इथे माझं स्वतःचं घर आहे, पण एवढा प्रवास आता तिला झेपत नाही.