कुंकू लागलेला कीबोर्ड

लातूरच्या जिलानीपुढे जुना कॉम्प्युटर ठेवा आणि त्याचं वय विचारा. तो समोरचं नाव वाचणार नाही, कारण समोरची पट्टी कुणीही बदलतं. तो स्क्रू काढील, आतल्या चिपांवर फुंकर मारील आणि त्यांच्यावर छापलेले बारीक आकडे वाचील. पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन आठवडा. मग तो डब्याची वरची बाजू उजेडात तिरकी धरील आणि कुंकवाचे डाग शोधील. दसऱ्याला आपल्याकडे कातरीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, तिथं बिचारा कॉम्प्युटर कसा सुटेल? जितके थर, तितके दसरे त्याने कामात काढले. आकड्यांवरून जन्म कळतो आणि कुंकवावरून संसार, असं जिलानी म्हणायचा. हे शास्त्र त्याचं त्यानेच काढलेलं होतं आणि त्याची त्याला भारी घमेंड होती.

पोटापाण्याला तो क्लासवाल्यांचे प्रिंटर दुरुस्त करी. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. डॉक्टर-इंजिनीयर व्हायला निघालेली पोरं जिल्ह्याजिल्ह्यांतून येत, नोट्सचे गठ्ठे छापले जात आणि प्रिंटर धडाधड मोडून पडत. क्लास जागा बदलत, तळघरं रिकामी करत, आणि तिथून निघालेली जुनी यंत्रं जिलानी विकत घेऊन घरी आणी. घरी ती सगळी जमिनीवर मांडलेली. माळ्यावर एकही नाही, ही त्याच्या बायकोची, साबेराची अट. भूकंपानंतर लातुरातल्या पुष्कळ घरांत हा नेम आपोआप लागला होता, की माणसाच्या डोक्यावर वजन ठेवायचं नाही. त्यामुळे जिलानीकडे आलेला पाहुणा खुर्चीवर कमी आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर जास्त बसे.

लोक म्हणत, जिलानीला याचा नाद आहे. नाद कसला, जखम होती ती. भूकंप झाला तेव्हा तो विशीत होता. मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर ट्रकमध्ये पाव आणि कापडाचे तागे घेऊन तो गावांकडे गेला आणि चार दिवस ढिगारे उपसत राहिला. एकेका चितेवर कितीतरी जण ठेवलेले, आणि हा कोण, ती कोण, हे सांगायला माणूस शिल्लक नाही. तेव्हापासून बेवारस वस्तू दिसली की ती कोण, कुठली हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. माणसांच्या बाबतीत राहून गेलेलं तो यंत्रांच्या बाबतीत करत होता, आणि हे त्याने साबेराशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

भूकंपाला सतरा-अठरा वर्षं उलटल्यावरची ही गोष्ट. औसा रोडवरची एक जुनी इमारत एका क्लासने घेतली आणि तळघरातला सगळा माल जिलानीला दिला. तो आसिफ भंगारवाल्याला घेऊन गेला. दोघांचा जुना करार असा की डबे आणि आतले पार्ट जिलानीचे, कीबोर्ड आणि बाकी प्लॅस्टिक आसिफचं. एका डब्याचं झाकण उघडलं आणि जिलानी लहान पोरासारखा ओरडला. आत मराठीचं कार्ड होतं. कॉम्प्युटर नवे होते तेव्हा त्यांच्यावर मराठी उमटवायची तर असं वेगळं कार्ड आत बसवावं लागे, आणि असं कार्ड त्याला आजवर फक्त ऐकून माहीत होतं. तो ते हातात घेऊन बसला आणि त्याला जगाचा विसर पडला.

आसिफने पोत्यात भरता भरता एक जाडजूड कीबोर्ड वर धरला. त्यावर बोटभर धूळ होती आणि धुळीतून लाल लाल काहीतरी दिसत होतं.

"जिलानीभाई, हे लाल काय हाय?"

जिलानीने मान अर्धीच वळवली. "कुंकू हाय. दसऱ्याला कुण्या येड्यानं मूठभर टाकलं असंल. भर पोत्यात."

आसिफने तो पोत्यात भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पायाला शेतातल्या भेगा. तिचं नाव सिंधु, मुरुडजवळच्या शेतकरी घरातली. पोरीचं, शिल्पाचं, नाव त्याच क्लासमध्ये घालायला ती एकटीच लातूरला आली होती. इमारत पाहून ती जागीच थबकली, आणि तळघरातले जुने कॉम्प्युटर कुठे गेले म्हणून वॉचमनला विचारलं तेव्हा त्याने जिलानीचं घर दाखवलं.

"हाव आक्का, मीच घेतले. बसा," जिलानी म्हणाला.

ती एका डब्यावर टेकली. "माझा भाऊ त्या तळघरात कॉम्प्युटर शिकत होता. श्रीमंत नाव त्याचं. गणपती बुडवायला म्हणून गावाकडं आला अन् त्याच पहाटं भूकंप झाला. आई, बाप, तो, समदेच गेले. माझं लगीन होऊन मी मुरुडकडं आलेली, म्हणून हाय."

साबेरा पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली.

"फोटो एक न्हाई राहिला, भाऊ. वही न्हाई, पुस्तक न्हाई. पण त्या उन्हाळ्यात त्यानं माझी नखाची लाल पालिश नेली होती. सरांच्या मशीनवर मराठी येती म्हणे, पण बटनावर समदं इंग्रजी. तर म्हणे, मी रंगवतो मराठी अक्षरं. माझ्या लग्नातली बाटली होती, लई भांडले मी. त्याच्या हातचं कुठं काय असंल तर तेवढंच असंल. तुमच्याकडं हाय का ते?"

पायाखालची जमीन सरकली, हे आम्ही लातूरकर उगाच म्हणत नाही. ज्याने ती सरकताना अनुभवली आहे त्याने तो शब्द जपूनच वापरावा. पण त्या सकाळी जिलानीला दुसरं काही झालं असं मला म्हणता येत नाही. मराठीचं कार्ड शेजारीच फडक्यावर ठेवलेलं होतं. ज्या डब्यात मराठी कार्ड, त्याच्या कीबोर्डावर मराठी अक्षरं असणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. कुंकवाच्या पंडिताला कळलं नव्हतं.

"काल माझ्यासमोर होता, आक्का," तो कसाबसा म्हणाला. "कुंकू समजून देऊन टाकला मी."

सिंधु रडली नाही, चिडली नाही. "मंग आज कुठं हाय?"

आसिफला फोन लावला. आसिफ म्हणाला, माल सकाळीच टेम्पोत भरून नांदेडला गेला, व्यंकटच्या दाण्याच्या कारखान्यात. तिथं जुनं प्लॅस्टिक दळून त्याचे दाणे करतात आणि दाण्यांच्या बादल्या होतात. आसिफकडून नंबर घेऊन जिलानीने व्यंकटला फोन केला. घंटी वाजत राहिली. पुन्हा केला, पुन्हा वाजत राहिली. चालू मशीनशेजारी कोणाला फोन ऐकू येणार?

सिंधु तोवर उठून दाराशी गेली होती. साबेराने जिलानीची पिशवी त्याच्या हातात कोंबली. "बाई को अकेली मत भेजो. तुम भी जाव."

नांदेडची बस अहमदपूरपर्यंत बरी चालली. पुढे रस्ता खणून ठेवलेला. सिंधु खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि जिलानी दर पाच मिनिटांनी फोन लावत होता.

"तवा बी अशीच निघाले होते मी," ती मध्येच म्हणाली. "जीप भेटंना, मंग पोलिसांनी रस्ता अडवला. मी पोचले तर जाळून झालं होतं. कुठल्या ढिगात तो, कुणालाच ठावं न्हाई. राख तरी कुणाची म्हणून उचलायची?"

त्या चितांपैकी एखादीला आपणही लाकूड लावलं असेल, हे जिलानीच्या मनात आलं आणि ते त्याने गिळून टाकलं.

लोह्याला ड्रायव्हर चहाला उतरला तो उतरलाच. जिलानी खाली जाऊन त्याच्यासमोर येरझाऱ्या घालू लागला. ड्रायव्हरने बशीत चहा ओतला, फुंकला, निवांत प्यायला. तेवढ्यात व्यंकटने फोन उचलला.

"दळू नका!" जिलानी ओरडला. "लातूरचा माल दळू नका!"

"काय? ऐकू यून न्हाई राहिलं!" पलीकडून घरघर आली आणि फोन कटला.

तो परत येऊन बसल्यावर सिंधुने विचारलं, "दळून झालं असंल का हो?"

"न्हाई आक्का, इतक्यात कुठं," तो म्हणाला. तो धादांत खोटं बोलत होता, आणि हे दोघांनाही कळत होतं.

कारखान्यात कान फाटतील असा आवाज होता. ओळीने बसलेल्या बाया पेचकसाने कीबोर्ड उचकटत होत्या. लोखंडी पत्रा एका बाजूला, प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूला, आणि बटणं लाह्यांसारखी उडत होती. जिलानी सरळ ढिगाऱ्यात घुसला आणि "लातूरचा माल कुठंय?" असं ओरडत दोन्ही हातांनी उपसू लागला. व्यंकट धावत आला.

"ओ, कोण तुम्ही? लातूरचा माल? तो आल्या आल्या घातला की मशीनमधी!"

सिंधुने ते ऐकलं. ती मशीनच्या तोंडाशी गेली, जिथून राखाडी चुरा पोत्यात पडत होता. त्यातला ओंजळभर तिने उचलला आणि बोटाने चाळू लागली. लाल काही दिसतं का, ते ती पाहत होती. ते पाहवलं नाही म्हणून जिलानीने व्यंकटचा दंडच धरला आणि त्याच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. श्रीमंत, भूकंप, बटणांवरची लाल अक्षरं. "लांबून कुंकवावानी दिसतंय!"

व्यंकटने मशीन बंद करायची खूण केली. एकदम शांतता झाली.

"कुंकवावानी? मंग न्हाई गेला मशीनमधी," तो म्हणाला. "आमची गौरम्मा हाय ना, देगलूरकडची. कुंकू लागलेला माल ती दळूच देत न्हाई. टीव्ही असो, तराजू असो, पूजा झालेली वस्तू दळायची न्हाई म्हणते. टोपलीत काढून ठेवते अन् आवसेला गंगेत सोडते. लई डोकं लावलं मी, ऐकत न्हाई."

"कुठं हाय ती?"

व्यंकटचा चेहरा पडला. "आज आवसच हाय की. मघाशीच गेली नदीवर."

रिक्षावाल्याला जिलानीने काय काय सांगितलं ते त्याचं त्यालाच आठवत नाही. घाटावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. उन्हाळ्याने गोदावरी पायऱ्यांपासून लांब सरकली होती, आणि चिखलापलीकडे एक म्हातारी गुडघाभर पाण्यात टोपली घेऊन उभी होती. टोपलीतलं एकेक उचलून कपाळाला लावी, तोंडाने काही पुटपुटे आणि पाण्यात सोडी. प्लॅस्टिक नदीत सोडू नये, हे मलाही कळतं. पण त्या म्हातारीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

"ओ माय! थांबा!" सिंधु चपला टाकून चिखलातून पळाली. पाय घसरला, पडली, उठली, पुन्हा पळाली. जिलानी तिच्या मागे. गौरम्माने वळून पाहिलं, तेव्हा तिची मूठ पाण्यावर धरलेली होती.

"बटनं हायत का? लाल?" सिंधुला धाप लागली होती.

गौरम्माने मूठ उघडली. बटणं होती. कीबोर्ड उचकटताना कुंकवाची बटणं तेवढी तिने वेगळी काढली होती. दोन मुठी पाण्यात गेल्या होत्या. ही तिसरी, आणि टोपलीच्या बुडाशी अजून थोडी.

सिंधुने ती पदरात घेतली. जिलानीने एकावर अंगठा घासला. कुंकू असतं तर उतरलं असतं, हे उतरलं नाही. आणि तरीही त्याच्यातला संशयी माणूस गप्प बसेना. एकदा ओळख चुकली होती, दुसऱ्यांदा चुकून चालणार नव्हतं.

"आक्का, त्याच्याच हातचं कशावरून?"

तिने पदरातून एक बटण निवडलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यावर लाल रंगात ळ होता, एक गोळा मोठा आणि एक बारका.

"ह्यो बघा. आधी उजवा गोळा काढायचा, मंग डाव्याला जागाच उरायची न्हाई. मास्तर लई हाणायचे. तरी असाच काढायचा." ती हसली, आणि हसताना तिचा आवाज फुटला. "त्याचाच हाय, भाऊ."

आयुष्यभर वस्तू ओळखत आलेल्या जिलानीने अशी खात्रीची ओळख कधी पाहिली नव्हती. त्याने मान खाली घातली.

"कुणाचं हाय हे?" गौरम्माने विचारलं.

"भावाचं."

"काय झालं त्याला?"

"भूकंपात गेला."

गौरम्माने साल विचारलं नाही. सिंधुने पदराला गाठ मारली, ळ आत ठेवला. एक बटण मात्र तिने हातात काढून घेतलं होतं. ते घेऊन ती वाकली आणि ओंजळीतून पाण्यात सोडलं. तुटक्या वस्तूचा एकेक तुकडा जोडायला जिलानीने उभा मराठवाडा पालथा घातला होता, पण तिला थांबवावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

"आता आंघोळ केल्याबिगर घरी जाऊ नको, माय," गौरम्मा म्हणाली, जणू आजच कुणी गेलं होतं.

मग सिंधु लुगड्यासकट पाण्यात बसली आणि मोठ्याने रडली. गौरम्मा तिच्या डोक्यावर ओंजळीने पाणी घालू लागली. जिलानी पाठ फिरवून पायरीवर येऊन बसला, तिच्या चपला आणि पिशवी जवळ घेऊन. पिशवीत फोन वाजत होता. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, तेव्हा त्याने उचलला. शिल्पा होती.

"आई कुठंय?"

"नदीवर हाय, बाळ," जिलानी म्हणाला. "तुझ्या मामाला पोचवून येऊन राहिली."