दादाला कोंडलं ते दोन दिवस

दादाला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली ती मी. चाळीत अजून काहीजण वहिनींना बोल लावतात, म्हणून हे आधी सांगतो.

श्रावण लागला त्या सकाळची गोष्ट. आमचे वडील गिरणीत होते. गटारीला भरपूर प्यायचे आणि श्रावण लागला की महिनाभर थेंब नाही. लालबागच्या आमच्या चाळीत बरेच पुरुष तसेच. मग माझ्या मोठ्या भावाला का जमू नये? तो सकाळी दात घासायच्या आधी प्यायला लागला होता, हा फरक मला दिसत होता. मी तो जमेस धरला नाही.

संध्याकाळी त्याचे हात कापायला लागले. दाराआडून अर्धा कप दारू मागत होता, हात थांबण्यापुरती. नाटकं पुरे, मी म्हटलं. नेहमीच म्हणायचो. दुसऱ्या दिवशी तो घामाने निथळला होता आणि कोऱ्या भिंतीवर मुंग्या दाखवत होता.

"भावोजी, हे नेहमीचं नाही. डॉक्टरांकडे नेऊया," वहिनी म्हणाल्या.

तुमच्या लाडानेच तो बिघडलाय, असं मी त्यांना ऐकवलं. दुपारी दादाला फिट आली. टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. दारू मेंदूला मंद करते. रोज तसं झालं की मेंदू तोल सांभाळायला स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दारू एकदम काढली तरी तो तसाच चेतलेला राहतो. मग थरथर, भास, फिट. यात माणूस जातोही. अशा माणसाची दारू औषधं देऊन, लक्ष ठेवून सोडवायची असते. मी विचारलं, मग हा पितोच कशाला? त्या म्हणाल्या, मजा कधीच संपलीय, मेंदूची मागणी तेवढी उरलीय.

आठवड्याने दादा नीट बोलू लागला. हे सगळं मी त्याला वहिनींसमोर सांगितलं.

"म्हणजे मी नाटक नव्हतो करत?"

तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. इतकी वर्षं माझं म्हणणं त्याने खरं मानलं होतं.

"नाही दादा. तू आजारी होतास आणि मी तुला कोंडलं. वहिनी सांगत होत्या, त्यांचंही ऐकलं नाही. माझं चुकलं. दोघंही मला माफ करा."